पीस आणि पेंड

तात्यांच्या गळाला मोराचं पीस असायचं. डोळा, झालर सगळं सोलून टाकलेला नुसता पांढरा दांडा, चार बोटं लांब. आत भेंडासारखा हलका गर, बाहेर नखासारखं चिवट कवच. दोन्ही टोकांना मेण लावून ते तोंड बंद करत आणि वरच्या टोकाला कुंकवाचं बोट फिरवत. पाण्यावर ते लाल टोक तेवढं दिसायचं. बाकी दुनिया त्याला काय म्हणत असेल ते असो, तात्या त्याला 'पीस' म्हणत. "पीस बघ, पाण्याकडं बघू नगं," एवढंच त्यांचं शिकवणं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचं गाव. ज्या दिवशी गळ टाकायचा त्याच्या आधी दोन दिवस ते संध्याकाळी एकटेच नदीवर जात. घमेल्यात शेंगदाण्याची पेंड भिजवलेली असे. तिच्यात काठाची चिकण माती मळून लिंबाएवढे गोळे करायचे आणि ठरलेल्या जागी, बाभळीच्या मुळाजवळच्या डोहात, एकेक सोडायचे. टाकायचे नाहीत, सोडायचे. हात पाण्याशी नेऊन. मीही गोळे वळायला बसे. माझा गोळा मोठा झाला की ते तो हातातून काढून घेत, अर्धा करत आणि म्हणत, "पोट भरल्यावर गळाकडं कोण येतंय रं?" तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी पीस पाण्यावर उभं राही, आणि तासाभरात एखादा रोहू नाहीतर कटला डब्यात पडे.

पुढे मी अभियंता झालो आणि सत्तावीस वर्षं इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ एका कारखान्यात झडपा आखण्यात गेली. झडप म्हणजे काय, तर आतलं जे आहे ते हवं तेव्हा, हवं तेवढंच बाहेर सोडायचं. आयुष्यभर तेच काम केलं म्हणूनच बहुधा निवृत्तीनंतर माझा जीव या एका वस्तूत अडकला: पाण्यावर तरंगता तरंगता आपल्या पोटातलं आमिष थोडं थोडं सोडत राहणारा फ्लोट.

नॉटिंगहॅमला ट्रेंट नदी आहे. तिच्या काठावर छत्र्या लावून तासन्‌तास बसलेली माणसं मी पहिल्याच वर्षी पाहिली आणि मला घर आठवलं. थोड्या दिवसांनी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरलो. काचेखाली फ्लोटची ओळीनं मांडणी होती. दुकानदारानं एक पांढरा, पातळ, हलका फ्लोट माझ्या तळहातावर ठेवला आणि मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मोराचं पीस. खाली पितळी टोक, वर केशरी रंग, अंगावर तलम वार्निश, पण गर तोच, कवच तेच. इंग्रज गळवाले पिढ्यान्‌पिढ्या मोरपिसाचे फ्लोट वापरत आले आहेत, साळिंदराच्या काट्याचेही. शेजारच्या खणात बोरूसारख्या दिसणाऱ्या गवताच्या काड्यांचे फ्लोट होते, त्यांच्यावर इंग्रजीत 'सरकंडास' लिहिलं होतं. सरकंडा! उत्तरेत ज्याची सुपं आणि बसायचे मोढे करतात तेच गवत. त्या दिवशी काही न घेता बाहेर पडलो असतो तर बरं वाटलं नसतं. पिसाचा फ्लोट घेतला. तो अजून आहे.

तिथल्या गोड्या पाण्यातल्या या मासेमारीत मासा खायचा नसतो. जाळीत उतरवायचा, ओल्या हातानं गळ काढायचा आणि परत सोडायचा. ट्रेंटमधले रोच, चब, ब्रीम, बार्बेल हे सगळे आपल्या रोहू-कटल्याचे, महसीराचेच भाऊबंद, एकाच गणातले. वागणूकही पुष्कळ तशीच. गाळात नाक खुपसणं, शंका येणं, एकानं खाल्लं की बाकीच्यांनी धीर करणं. आणि म्हणूनच सुटं आमिष फेकणं हा तिथल्या गळाचा अर्धा जीव आहे. गळाला लावलेली एक अळी पाण्यात एकटी असली तर मासा तिच्याकडे संशयानं बघतो. तिच्याभोवती तशाच वीस अळ्या उतरत असल्या, तर ती त्यांच्यातलीच एक होते.

हे ज्ञान काही नवं नाही. इंग्रज लेखक आयझॅक वॉल्टनच्या १६५३ साली पहिल्यांदा निघालेल्या पुस्तकात ब्रीम माशासाठी बार्लीचं माल्ट शिजवून, गाळून, त्याचा चोथा पाण्यात टाकायची सविस्तर कृती आहे. आणि त्याच्याही पाचशे वर्षं आधी, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोदाचं अख्खं प्रकरण आहे: मासे कुठले, त्यांना खाऊ घालून एका जागेची सवय कशी लावायची, मग गळ कसा टाकायचा. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातल्या जुन्या मराठी ओळींसाठी माहीत असतो, खवय्यांना त्यातल्या पाककृतींसाठी. मी तो बडोद्याच्या गायकवाड मालेतल्या श्रीगोंदेकरांच्या आवृत्तीत वाचला तेव्हा मला घमेल्यातली पेंड दिसली. तात्यांनी सोमेश्वराचं नावही ऐकलेलं नव्हतं, तरी दोघांची रीत एकच.

आता हे सुटं आमिष माशापर्यंत पोचवायचं कसं, यावर इंग्रजांनी केलेला विचार बघण्यासारखा आहे. जवळ असेल तर हातानं, लांब असेल तर गलोलीनं. तळाशी हवं असेल तर भोकं पाडलेली, खाली वजन लावलेली एक छोटी नळी असते, तिला स्विमफीडर म्हणतात. आत अळ्या भरायच्या, दोन्ही तोंडं बंद करायची. अळ्या आपल्या पायानं नाही तर अंगानं वळवळत भोकांतून बाहेर येतात. थंडीत त्या सुस्तावतात, म्हणून जाणते लोक हिवाळ्यात भोकं मोठी करतात. मोठ्या तळ्यांवर कार्पसाठी अग्निबाणाच्या आकाराचं स्पॉड वापरतात. त्याच्या नाकात हलका फोम असतो. पाण्यावर आदळलं की नाक वर येतं, तोंड खाली होतं आणि पोटातलं सगळं रितं होतं. स्पॉम्ब नावाचं एक आहे, ते आदळताच शिंपल्यासारखं उघडतं. पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक पिशव्याही मिळतात. आमिष भरून टाकली की पिशवी नाहीशी होते, ढीग तेवढा उरतो.

या सगळ्यांत मला एक गोष्ट खटकत होती. ही साधनं आमिष ओततात. पाणी एकदम ढवळतं, आवाज होतो, आणि मग पुढची अर्धी घटका काहीच नाही. हात मात्र थोडं थोडं देतो. पाच-सहा अळ्या, मग मिनिटभर थांबणं, पुन्हा पाच-सहा. रोचसारखा बुजरा मासा याच लयीवर वर चढत येतो. माझा उजवा खांदा बासष्टाव्या वर्षी आखडला आणि दर मिनिटाला हात फेकणं बंद झालं. डॉक्टरांनी व्यायाम दिले, पण मासेमारीच्या मोसमात ते पुरेसे नव्हते. तेव्हा मनात आलं की पाण्यावर जे आधीच उभं आहे, त्या फ्लोटनंच का देऊ नये?

गॅरेजमध्ये बसलो. बाल्साचं लाकूड, बुचाची चकती, पातळ जाळी, धागा, वार्निश. पहिला फ्लोट आठवड्यात तयार झाला. खाली बोटाएवढी नळी, तिला अडीच मिलिमीटरची भोकं, मध्ये बाल्साचा फुगवटा, वर पिसाचं टोक. घरातल्या बादलीत सोडला, अळ्या भरल्या, वजनं लावून टोक पाण्याच्या वर बरोबर अर्धा सेंटिमीटर राहील असा तोलला. समाधान वाटलं. चहा घेऊन परत आलो तर टोक चार सेंटिमीटर वर आलेलं.

त्या चार सेंटिमीटरांनी माझे पुढचे तीन हिवाळे खाल्ले.

हिशेब सोपा आहे, पण हातात वस्तू असल्याशिवाय कळत नाही. अळी पाण्यापेक्षा किंचितच जड असते, म्हणून ती सावकाश बुडते. बारा ग्रॅम अळ्यांचं पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम वजन जाणवतं. अर्धा ग्रॅम म्हणजे काय, वाऱ्यानं उडेल. पण फ्लोटचं टोक चार मिलिमीटर जाड असेल, तर ते एक सेंटिमीटर खाली दाबायला सव्वाशे मिलिग्रॅम पुरतात. म्हणजे अर्धा ग्रॅम बाहेर पडला की टोक चार सेंटिमीटर वर. गळवाले फ्लोट तोलायला वापरतात त्या मण्यांपैकी आठ नंबरचा मणी ०.०६ ग्रॅमचा असतो. त्याच्या एका मण्यानं टोक अर्धा सेंटिमीटर हलतं, आणि रोचनं आमिष ओठात धरलं तर त्याहूनही कमी. इतक्या हळव्या काठीच्या पोटी मी शिधा बांधला होता.

मग टोक जाड करून पाहिलं. आठ मिलिमीटर. आता अळ्या गेल्या तरी टोक सेंटिमीटरभरच उठायचं, पण माशानं ओढलं तर हलायचंही नाही. ब्रीम येऊन खाऊन गेला तरी कळायचं नाही. इथे मला पहिल्यांदा नीट समजलं की या एका वस्तूकडून मी दोन कामं मागतो आहे आणि ती एकमेकांना नको आहेत. सांगणाऱ्यानं हलकं, रिकामं, निर्विकार असायला हवं. देणाऱ्याकडे काहीतरी भरलेलं असायला हवं. पिसानं तात्यांना कधी फसवलं नाही, कारण त्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. द्यायचं काम तात्यांच्या हाताचं होतं.

दुसरी अडचण वाहत्या पाण्याची. नदीचं वरचं पाणी जोरात जातं, तळाचं मागे रेंगाळतं. फ्लोट वर असतो, म्हणून तो पुढे धावतो. दोन मीटर खोलीत आमिष सेकंदाला दहा सेंटिमीटर बुडत असेल तर तळ गाठायला वीस सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला तीस सेंटिमीटरच्या ओघात फ्लोट सहा मीटर पुढे गेलेला असतो आणि आमिष त्याच्या मागे कुठेतरी तळाला लागतं. गळ मात्र फ्लोटखाली. माशाचं जेवण एकीकडे, पंगतीचं ताट दुसरीकडे. यावर काठावरचे जुने लोक दोरी ताणून फ्लोटला थोडं मागे धरतात. तो पाण्याच्या वेगापेक्षा सावकाश चालतो आणि गळ पुढे झुलतो. मीही तेच शिकलो, आणि शेवटी ठरवलं की हा फ्लोट मुख्य धारेसाठी नाही. वळणावरच्या संथ पाण्यासाठी, बंधाऱ्याच्या आडोशासाठी आणि कालव्यासाठी तो खरा.

एक गोष्ट मनाला फार लागली ती सांगायला हवी. तिसऱ्या नमुन्याला मी बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची जाळी डिंकानं चिकटवली होती. जूनच्या सकाळी दोरी झाडाच्या मुळाला अडकून तुटली आणि तो फ्लोट अळ्यांनी भरलेला तसाच वाहत गेला. दूर वळणावर हंसांची एक जोडी होती. मी काठाकाठानं पळालो, चिखलात गुडघ्यापर्यंत गेलो, तो सापडला नाही. त्या रात्री झोप नव्हती. याच देशात हंस शिशाच्या छऱ्यांनी मरत होते. गळवाल्यांची हरवलेली शिशाची वजनं तळातून चोचीत जात. म्हणून १ जानेवारी १९८७ पासून छोट्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली आणि त्यांच्या जागी टंगस्टन, कथील आलं. जे लोक आधी तक्रार करत होते तेही सरावले. आणि मी, बाहेरून आलेला, त्याच पाण्यात जाळीचा सापळा सोडून बसलो होतो. तेव्हापासून माझ्या फ्लोटमध्ये प्लॅस्टिक नाही. नळी बुचाची, झाकण पातळ लाकडाचं, आणि झाकण सुती धाग्यानं बांधलेलं. हरवला तर पाण्यात धागा कुजेल, झाकण सुटेल, आत कुणी अडकून राहणार नाही. तो धागा प्रत्येक वेळी नव्यानं बांधावा लागतो. बांधतो.

टोकाच्या चार सेंटिमीटरांचं उत्तर मला यंत्राच्या विचारातून मिळालं नाही. एका फेब्रुवारीत, बादलीसमोर बसून, मी टोक वर येताना नुसतं बघत होतो. किती सावकाश! डोळ्यांना हालचाल दिसत नाही, मधे नजर वळवून परत बघितलं तरच कळतं, घड्याळातल्या तासकाट्यासारखी. आणि मासा? रोच टोकाला झटका देतो. ब्रीम आमिष उचलून वर करतो तेव्हा टोक एकदम बोटभर वर येतं आणि आडवं पडतं. सगळी हालचाल एकाच टोकाची, पण एकीला मिनिटं लागतात आणि दुसरीला क्षण. मग वर येणं बंद करायची गरजच काय? मी बारीक ब्रश घेतला आणि पिसाच्या टोकावर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर आठ कडी काढली, एक काळं, एक केशरी. आता भरलेला फ्लोट पाण्यावर पहिलं कडं दाखवतो. पाचवं दिसलं की निम्मं आमिष गेलं. आठवं दिसलं की काढा, भरा. ज्याला मी तीन वर्षं दोष म्हणत होतो तो पाण्यावर उभा राहून मला आतला शिल्लक साठा सांगू लागला.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी. १६ जूनच्या पहाटे काठावर गेलं की एखाद्या सणासारखी माणसं भेटतात. त्या वर्षी मी तो कड्यांचा फ्लोट घेऊन गेलो. धुकं होतं. तिसरं कडं वर यायला सहा मिनिटं लागली असतील, आणि तेवढ्यात खालच्या संथ पाण्यात लहान लहान बुडबुडे उठू लागले. मासे आले होते. चौथ्या कड्याला टोक गप्पकन आत गेलं. तळहाताएवढा रोच, लालसर पंख, चांदीसारखं अंग. ओल्या हातानं सोडला. त्या सकाळी असे अकरा.

गेल्या हिवाळ्यात गावी आलो तेव्हा एक फ्लोट तात्यांसाठी आणला. तात्या आता शहाऐंशी वर्षांचे. ओसरीवर खाटेवर बसलेले, डाव्या डोळ्याला दिसत नाही. मी फ्लोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी टोक चाचपलं आणि म्हणाले, "पीसच हाय की." मग नळी ओठांना लावून फुंकर मारली, भोकांवरून बोट फिरवलं, झाकणाचा धागा ओढून पाहिला. मी सगळं सांगितलं: अळ्या कशा निघतात, कडी कशी दिसतात. ते ऐकत होते, पण लक्ष बोटांत होतं.

"आणि हितं काय भरायचं? अळ्या कुठल्या आणनार तू?"

"पेंड घालू, तात्या. भिजवून."

त्यांनी मान हलवली. "पेंड फुगती. अळी आपली आपुन भाईर येती, पेंडीला कोन काढणार? भोकं बारकी हायती."

मी पुष्कळ सांगून बघितलं, की भोकं मोठी केली तर दोन मिनिटांत सगळं सांडेल. तात्यांनी उत्तर दिलं नाही. वहिनींना हाक मारून दाभण मागवलं, ते चुलीतल्या निखाऱ्यात लाल करायला लावलं आणि स्वतः, एका डोळ्यानं, बुचाच्या नळीची भोकं एकेक करून वाढवली. बूच जळल्याचा वास ओसरीभर झाला. वरच्या ओळीतली भोकं त्यांनी हात न लावता सोडली. खालचीच मोठी केली, आणि तीही खालच्या तोंडाशी तिरपी. मग पेंड मागवली. भिजलेली नाही, नुसती शिंपडून ओलसर केलेली, चिमटीत दाबून. "सुकी भरायची," ते म्हणाले. "पाण्यात गेल्यावर ती फुगती आणि फुगली की आपल्या जोरानं भाईर पडती. तवर घट."

झडपांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांना मोटारीत बसवून नदीवर नेलं. बाभूळ आता नाही, काठ खचला आहे, पण डोह आहे. प्लॅस्टिकची खुर्ची मांडून त्यांना बसवलं, अंगावर घोंगडी टाकली. फ्लोट पाण्यावर उभा राहिला. पहिलं कडं. मी घड्याळ लावलं. तात्यांना कडी दिसत नव्हती, म्हणून ते मधून मधून विचारत होते आणि मी सांगत होतो. दुसरं. बराच वेळ दुसरंच. मला वाटलं पेंड अडकली. मी फ्लोट ओढून घ्यायला रीलला हात घातला, तेवढ्यात पाण्यावर तेलाचा एक बारीक तवंग पसरलेला दिसला, पेंडीचा, उगवतीकडून येणाऱ्या उजेडात निळसर जांभळा, आणि टोक हळूच वर सरकलं.

"तिसरं," मी म्हणालो.

"हात काढ रिळावरनं," तात्या म्हणाले.